आकाशातील वार्ताहर

नागपूरच्या आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कुही हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा वाहते. आंभोऱ्याजवळ तिला इतर नद्या येऊन मिळतात, आणि गोसेखुर्द धरणामुळे तेथे आता पाण्याचा मोठा विस्तार झाला आहे. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला उमरेड-कऱ्हांडलाचे अभयारण्य आहे. त्याचा काही भाग कुही तालुक्यात येतो. म्हणजे एकीकडे पाणी, दुसरीकडे जंगल आणि मध्ये शेती.

अशा गावातल्या एखाद्या वृद्ध माणसाला गिधाडांविषयी विचारून पाहा. तो म्हणेल, "पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाशातून पंचवीस-तीस गिधाडे उतरायची. संध्याकाळपर्यंत नुसती हाडे उरायची." मग तो थोडा वेळ थांबेल आणि म्हणेल, "आता नाही दिसत." तुमच्यापैकी कितीजणांनी गिधाड प्रत्यक्ष पाहिले आहे? बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिले असेल.

ही गिधाडे कोठे गेली, आणि आता थोडीशी परत येऊ लागली आहेत ती कोठे जातात, काय खातात, कशामुळे मरतात, हे शोधण्यासाठी माणसाने एक नवी युक्ती योजली आहे. त्याने गिधाडाच्याच पाठीवर एक लहानसे यंत्र बांधले आहे. या पाठात आपण त्या यंत्राची आणि ते वाहणाऱ्या पाखरांची माहिती घेऊ.

रानातल्या प्राण्याचा अभ्यास करणे सोपे नसते. हरिण माणसाची चाहूल लागताच पळते. वाघ रात्री फिरतो. पक्षी तर डोळ्यांदेखत आकाशात नाहीसा होतो. म्हणून पूर्वी अभ्यासक पक्ष्यांना जाळ्यात पकडत, त्यांच्या पायांत धातूचे हलके वाळे घालत आणि त्यांना सोडून देत. वाळ्यावर एक क्रमांक असे आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे अशी सूचना असे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९५९ नंतर या कामाला फार मोठी गती दिली. हजारो पक्ष्यांना वाळी घातली गेली. परंतु या पद्धतीत एक अडचण होती. तो पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागला तरच काही कळायचे. मधल्या काळात तो कोठे गेला, कोठे उतरला, हे कोणालाच ठाऊक नसे. म्हणजे चिठ्ठीवर पहिल्या आणि शेवटच्या गावाचे नाव असावे आणि मधला सारा रस्ता पुसला जावा, तसेच काहीसे.

पुढे बिनतारी यंत्रे लहान होत गेली. ती आधी मोठ्या प्राण्यांच्या गळ्यात बांधण्यात आली. कुहीच्या लोकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. 'जय' नावाचा एक भला मोठा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातून निघाला आणि शेते, रस्ते, नद्या ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. त्याला पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे संदेश पाठवणारा पट्टा बांधला. काही काळ त्याच्या फिरण्याची माहिती मिळत राहिली. मग एप्रिल २०१६ मध्ये पट्ट्याकडून संदेश येणे बंद झाले. खूप शोध घेतला गेला, पण जय पुन्हा दिसला नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र गप्प झाले म्हणजे प्राणी मेलाच असे नाही. यंत्र बिघडते, त्याची बॅटरी संपते, पट्टा तुटतो. पण प्राणी मेला असेल आणि यंत्रही नष्ट झाले असेल, तरीही तीच शांतता असते. या शांततेचा अर्थ लावणे हेच अभ्यासकाचे सर्वांत कठीण काम आहे. असे मला तरी वाटते.

आता पक्ष्यांकडे वळू. पक्ष्याच्या अंगावर काहीतरी बांधून त्याच्याकडून काम करून घेणे ही कल्पना जुनी आहे. कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधण्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फझल यांनी 'आईन-ए-अकबरी'त कबुतरे उडवण्याच्या छंदाचे वर्णन केले आहे. राजेरजवाडे शिकारीसाठी बाज आणि ससाणे पाळत. बाज, शिकरा, शाहीन, बहिरी हे शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि येथेच राहिले. मराठीत आपण आजही 'बहिरी ससाणा' म्हणतो. त्यातल्या 'बहिरी'चा ऐकू न येण्याशी काहीही संबंध नाही!

शिकवलेल्या पक्ष्याच्या अंगावर प्रथम यंत्र चढवले ते जर्मनीतील एका औषधविक्रेत्याने. त्याचे नाव युलियस नॉयब्रोनर. तो कबुतरांकडून औषधे मागवत असे. १९०७-०८ च्या सुमारास त्याने कबुतराच्या छातीवर बसेल असा एक चिमुकला कॅमेरा तयार केला. ठरलेल्या वेळाने तो आपोआप छायाचित्र घेई. कबुतर घरी परतले की चित्रे हाती येत. काही चित्रांच्या कडेला कबुतराच्या पंखांची टोकेही उमटलेली दिसतात.

शिकवलेला पक्षी अभ्यासाला इतका उपयोगी का पडतो? एक तर तो परत येतो. त्याच्या अंगावरचे यंत्र काढून त्यातील नोंदी वाचता येतात. दुसरे म्हणजे त्याला माणसाची सवय असते, त्यामुळे यंत्र बांधले म्हणून तो बावरत नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकवलेल्या बहिरी ससाण्यांवर लहान कॅमेरे आणि स्थान सांगणारी यंत्रे बसवली आणि २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ससाणा भक्ष्याचा पाठलाग कसा करतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. तुम्ही पकडापकडी खेळता तेव्हा काय करता? पळणारा जेथे आहे तेथे धावलात तर तुम्ही कायम त्याच्या मागेच राहता. तो जेथे पोहोचणार आहे त्या जागेकडे आडवे धावलात तर तो सापडतो. ससाणाही हेच करतो. भक्ष्याची दिशा जितक्या वेगाने बदलते, त्या प्रमाणात तो स्वतः वळतो. विमानाचा पाठलाग करणारी क्षेपणास्त्रे याच नियमाने चालतात. माणसाने हा नियम गणिताने शोधला. ससाण्याला तो आधीपासूनच अवगत होता.

काही वेळा पक्षी शिकवलेला नसतो, तरी तो आपल्या रोजच्या फेरीत माणसाचे काम करून जातो. दक्षिण हिंदी महासागरातील बेटांवर अल्बट्रॉस नावाचे प्रचंड पंखांचे समुद्रपक्षी राहतात. ते मासेमारी जहाजांच्या मागे मागे उडतात. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी २०१८-१९ मध्ये सुमारे १७० अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवर जहाजाचे रडार ओळखणारे यंत्र बसवले. जहाजांनी आपले ठिकाण सतत जाहीर करावे असा नियम आहे. पण पक्ष्यांना भेटलेल्या जहाजांपैकी चारातील एकाहून अधिक जहाजांनी आपली ती यंत्रणा बंद ठेवलेली आढळली. भर समुद्रात चाललेली लपवाछपवी पक्ष्यांनी उघडी पाडली.

पण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण बर्लिन शहरातील आहे, आणि ते गिधाडाचेच आहे. ते जरा नीट समजून घेऊ.

गिधाडाच्या पाठीवरच्या यंत्रात, म्हणजे टॅगमध्ये, मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली जीपीएस. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकून ती आपले स्थान ठरवते. त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. दुसरी म्हणजे हालचाल मोजणारा संवेदक. पक्षी पुढेमागे, डावीउजवीकडे किंवा वरखाली किती झटक्याने हलला, हे तो दर क्षणी टिपतो. तिसरी म्हणजे संदेश पाठवण्याची सोय. अनेक टॅग आपल्या मोबाइलसारखेच मनोऱ्यांमार्फत माहिती पाठवतात. जंगलात मनोरा नसेल तर माहिती साठवून ठेवतात आणि पक्षी मनोऱ्याच्या टप्प्यात आला की पाठवून देतात. वर एक छोटी सौरपट्टी असते, तिच्यामुळे बॅटरी उन्हावर भरत राहते.

हे सारे ओझे पक्ष्याला झेपले पाहिजे. टॅगचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाच्या तिपटीहून, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक असू नये, असा संकेत अभ्यासक पाळतात. गिधाड पाच किलोचे असेल तर दीडशे ग्रॅम ही शेवटची मर्यादा झाली. चिमणीचा हिशेब केलात तर एक ग्रॅमसुद्धा जड वाटेल. म्हणून सर्व पक्ष्यांना टॅग लावता येत नाही.

आता प्रश्न असा, की यंत्र सांगते ते फक्त आकडे. पक्षी इतका हलला, तितका हलला. पण त्या वेळी तो काय करत होता? उडत होता, पिसे साफ करत होता की मांस तोडत होता? रानात त्याच्याजवळ बसून पाहायला तर कोणी नसते. बर्लिनच्या लायबनिझ संस्थेतील प्राणिशास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला. त्यांनी तेथील प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या पिंजऱ्यात राहणाऱ्या गिधाडाच्या पाठीवर टॅग बांधला आणि त्याच वेळी त्याचे चित्रण केले. चित्रात गिधाड खाताना दिसले, की त्या क्षणाचे आकडे काढून पाहायचे. बसलेले दिसले, की ते आकडे वेगळे ठेवायचे. अशी पुष्कळ उदाहरणे संगणकाला दिली, तेव्हा संगणक नुसत्या आकड्यांवरून गिधाडाची कृती ओळखायला शिकला. लहान मूल चित्र पाहून अक्षर ओळखायला शिकते, तसाच हा प्रकार. पिंजऱ्यातले एक गिधाड संगणकाचे शिक्षक झाले म्हणायला हरकत नाही.

मग आफ्रिकेतील नामिबिया देशाच्या एटोशा अभयारण्यातील रानटी गिधाडांना टॅग लावले गेले. गिधाडाची दृष्टी तीक्ष्ण आणि उड्डाण उंच, त्यामुळे मेलेला प्राणी त्याला माणसाच्या कितीतरी आधी सापडतो. गिधाडे एका जागी उतरली आणि आकडे सांगू लागले की ती खात आहेत, तर तेथे मेलेला प्राणी आहे हे निश्चित. वनरक्षकांना ती जागा कळते. तो प्राणी वयाने मेला, रोगाने मेला, की कोणी मारला, हे मृतदेह ताजा असतानाच पाहता येते. या कामाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. गिधाडाला यातले काही ठाऊक नसते. त्याला फक्त भूक लागलेली असते!

ही गोष्ट आपल्या भागाला किती लागू आहे, ते पाहा. जानेवारी २०२१ च्या आरंभी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे मरून पडलेले सापडले. वाघिणीने मारलेल्या वासराच्या मांसात विष कालवले गेले होते. शेतकऱ्याचे जनावर गेले की त्याचा संताप होतो, त्याचे नुकसानही खरेच असते. पण विष कोणाला मारायचे हे निवडत नाही. त्याच मांसावर कोल्हा येतो, कुत्रा येतो, गिधाडही येते.

गिधाडांचा नाश मात्र मुख्यतः अशा मुद्दाम घातलेल्या विषाने झाला नाही. तो औषधाने झाला. दुखणाऱ्या, सुजलेल्या जनावराला डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक देत असत. जनावर त्यानंतर लवकरच मेले तर औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरते. शास्त्रज्ञांनी हे कारण २००४ मध्ये सिद्ध केले. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात शंभरात एकही उरणार नाही इतकी घसरू लागली होती. तुम्ही विचाराल, प्रत्येक ढोराला थोडेच ते औषध देत होते? नव्हतेच देत. पण गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका ढोरावर तीस गिधाडे बसतात. शंभर ढोरांत एखादे जरी विषारी निघाले तरी त्या एका पंगतीत सारी मरतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेली संख्या भरून येणार कशी?

जनावरांसाठी हे औषध वापरण्यास भारत सरकारने २००६ मध्ये बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवरही बंदी आली. मेलोक्झिकॅम नावाचे औषध गिधाडांना अपाय करत नाही आणि जनावरांचे दुखणेही थांबवते. दरम्यान हरियाणातील पिंजोर येथे पिंजऱ्यात गिधाडे वाढवण्याचे केंद्र चालू झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये तेथून वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली. पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्यात गेली आणि लांब चोचीची दहा नागपूर जिल्ह्यातील पेंचमध्ये आली. वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी मिळून हे काम केले. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला एकदम आकाश दाखवले तर ते गोंधळते. म्हणून त्यांना आधी जंगलातच उभारलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, हवेची आणि परिसराची सवय केली, पाठीवर टॅग चढवले आणि त्याच वर्षी दार उघडले.

पुढे काय झाले? सगळेच गोड झाले नाही. त्यांतली काही गिधाडे मेली. पण ती टॅगमुळे सापडली, नाहीतर रानात एखादे गिधाड मेले हे कोणाला कळले असते? काही मात्र खूप दूर गेली. 'एन-११' हा क्रमांक असलेले ताडोब्याचे एक गिधाड सुमारे चार हजार किलोमीटर फिरून थेट तामिळनाडूत पोहोचले. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला रस्ता कोणी दाखवला असेल, या प्रश्नाचे उत्तर टॅग देऊ शकत नाही. तो कोठे गेला हे टॅग सांगतो. का गेला, हे विचारायला माणसालाच डोके चालवावे लागते.

पेंच कुहीपासून फार दूर नाही. ऊन तापले आणि हवा वर चढू लागली की गिधाड पंख न हलवता तिच्यावर तरंगते. दिवसाला शंभर किलोमीटर जाणे त्याला अवघड नसते. तेव्हा एखाद्या दुपारी कुहीच्या आकाशात असा पाहुणा दिसणे अशक्य नाही.

आणि तो दिसला तर लोक काय करतील? नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील कारवार येथे एक गिधाड उतरले. त्याच्या पाठीवर यंत्र होते. जवळच नौदलाचा तळ आहे. झाले, लोकांमध्ये कुजबूज सुरू झाली की हा शत्रूचा हेर असला पाहिजे! वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी टॅग पाहिला, तेव्हा ते गिधाड महाराष्ट्राचे, ताडोब्याचे निघाले.

मुंबईतला प्रसंग तर याहून विलक्षण आहे. मे २०२३ मध्ये मुंबई बंदराच्या परिसरात एक कबुतर सापडले. त्याच्या पायांत वाळी होती आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे होती. पोलिसांना संशय आला. त्या कबुतराला परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात पिंजऱ्यात ठेवण्यात आले. चौकशी चालू राहिली. हळूहळू उलगडा झाला की ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर होते. शर्यतीत वाट चुकून ते कसेबसे भारतात आले होते. आठ महिन्यांनंतर, ३० जानेवारी २०२४ रोजी त्याला मोकळे सोडण्यात आले. शर्यतीचे कबुतर आठ महिने पिंजऱ्यात! त्याच्या मालकाने तोपर्यंत आशा सोडली असणार.

म्हणून पायात वाळे किंवा पाठीवर यंत्र असलेला पक्षी तुमच्या शेतात, गच्चीवर किंवा तलावाकाठी दिसला, तर त्याच्यामागे दगड घेऊन धावू नका आणि यंत्र ओढून काढू नका. लांबूनच त्याचा क्रमांक आणि रंग पाहा. दिवस, वेळ आणि जागा वहीत लिहा. मग जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात सांगा, नाहीतर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पक्षी मेलेला असला तरी हे कळवणे तितकेच गरजेचे आहे. तो हाताने उचलू नका, कारण तो कशाने मेला हे तपासायचे असते, आणि जवळ एखादे मेलेले ढोर पडलेले असेल तर त्याचीही तपासणी व्हावी लागते.